बहात्तर चौकोनांखाली चिडीचूप

छताला बहात्तर चौकोन होते. लांबीला नऊ, रुंदीला आठ. त्यातले एकसष्ट रंगवलेले, अकरा कोरे. रंगवलेल्या चौकोनांत फुलं-डोंगर सोडले तर सात जहाजं होती, पाच मांजरं, तीन बेडूक, चार सूर्य (त्यातल्या एकाला मिशा), दोन आगगाड्या, एक पडलेला दात, एक तापमापक आणि कुठल्याशा काकूचं नुसतं नाक. चौदा चित्रं नेमकी कशाची आहेत हे ती काढणाऱ्यांनाही आता सांगता येत नव्हतं.

ही मोजदाद जिने केली तिला घरात सगळे मोजपट्टी म्हणत. सहा वर्षांची असताना तिने आजोबांच्या जांभया घड्याळ लावून मोजल्या होत्या, तेव्हा हे नाव चिकटलं ते चिकटलंच. तापमापक तिचा होता, बरोबर सदतीस अंश दाखवणारा. घराची रीतच तशी होती. पणजोबांनी घर बांधलं तेव्हा छत रंगवायला आलेला रंगारी पहिल्याच दिवशी भांडून निघून गेला. पणजोबाही काही कमी नव्हते. त्यांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला परांचीवर चढवलं, पाठीवर झोपवलं आणि हातात कुंचला देऊन सांगितलं, "काढ काय काढायचंय ते." तेव्हापासून मूल दहा वर्षांचं झालं की त्याला वर चढवायचं आणि एक चौकोन त्याच्या नावे करायचा, असं चार पिढ्या चाललं.

पदार्थविज्ञानाची पदवी घेतल्यावर मोजपट्टीला पहिली नोकरी लागली ती ह्याच छताखाली, तांत्रिक मदतनीस म्हणून. फक्त तोवर घर घरच्यांचं राहिलं नव्हतं.

म्हणजे वाईट काही घडलं नव्हतं. छप्पर गळायला लागल्यावर सगळे एकत्र बसले, एकमेकांवर यथेच्छ ओरडले आणि शेवटी एकमताने घर नगरपालिकेच्या सांस्कृतिक विभागाला देऊन मोकळे झाले. विभागाने ते मन लावून दुरुस्त केलं. स्वयंपाकघरात तिकीटखिडकी आली. कोठीच्या खोलीत वाद्यं गेली. न्हाणीघरातल्या ज्या पत्र्याच्या टबात तीन भावंडं एकदम बुडवून काढली जायची, त्यात आता नाटकाच्या तलवारी उभ्या होत्या. आणि मधलं मोठं दालन, जिथे सगळं घर जेवायचं, भांडायचं आणि उन्हाळ्यात ओळीने झोपायचं, त्याचं सभागृह झालं: अभिवाचनासाठी, व्याख्यानांसाठी, छोट्या नाटकांसाठी. घर देताना घरच्यांची एकच विनंती होती, की छत दिसत राहावं. विनंतीच होती. तिची अट करून घ्यावी हे एवढ्या बोलक्या माणसांत कुणालाच सुचलं नाही.

माशी शिंकली ती सभागृहात. चाचणी म्हणून एका नटाला बोलावून चार पानं वाचायला सांगितली. त्याचं पहिलं वाक्य विरायच्या आत दुसरं त्याच्या पाठीवर चढलं, दुसऱ्यावर तिसरं. मागच्या रांगेत बसलेल्या व्यवस्थापकबाईंना वाटलं की हा बादलीत तोंड घालून बोलतोय. मोजपट्टीला कारण लगेच कळलं. पूर्वी ह्या दालनात गाद्यांचे ढीग होते, कपड्यांनी फुगलेली कपाटं होती, खुंट्यांवर कोट होते आणि कुठल्याही वेळी पंधरावीस माणसं होती. आवाज त्यांच्यात मुरायचा. आता भिंती गुळगुळीत झाल्या होत्या, फरशीत चेहरा दिसत होता. घर इतकं स्वच्छ करून जपलं होतं की आवाजाला टेकायला जागा उरली नव्हती.

मग विभागाचे ध्वनी इंजिनियर आले. ते यंत्र लावायचे, फुगा फोडायचे आणि त्याचा आवाज पूर्ण विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. रिकाम्या दालनात २.६ सेकंद लागले. खिडक्यांना जाड पडदे लावून झाले, तेव्हा २.३. बोलण्याच्या कार्यक्रमांना परवानगी हवी तर आकडा १.२ च्या आत यायला हवा होता. चुन्याच्या जुन्या भिंतींना खिळा मारायचा नव्हता, जाजमाला अग्निशमनवाल्यांची ना होती. राहिलं छत.

"दोन हात खाली भोकांच्या पाट्यांचं खोटं छत लावू," इंजिनियर म्हणाले. "सोमवारी माणसं पाठवतो. काम चोख होईल, आवाजाची काळजीच नको."

"आणि चित्रं?" मोजपट्टीने विचारलं.

"चित्रांना धक्का लागणार नाही. ती वर सुरक्षित राहतील."

"दिसतील का?"

इंजिनियर माणूस सरळ होता. त्यांनी वर बघितलं, मिशांवाल्या सूर्याशी त्यांची नजरानजर झाली, आणि ते म्हणाले, "नाही."

मोजपट्टीला त्या रात्रीचं जेवण गोड लागलं नाही. घर गेलं त्याचं तिला दुःख नव्हतं. घर कुठे गेलं होतं, ते तर रोज उघडत होतं, त्यात माणसं येत होती. पण ह्या भल्यामोठ्या वास्तूत घरच्यांचं म्हणून जे काही उरलं होतं ते सगळं त्या बहात्तर चौकोनांत होतं, आणि सोमवारी त्यावर झाकण बसणार होतं. ती कागद घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने इंजिनियरांना फोन लावला.

"साहेब, तुम्ही रिकामं सभागृह मोजलंत."

"मग?"

"रिकाम्या सभागृहात कार्यक्रम कोण करतं?"

पलीकडे इंजिनियर हसले. "खरंय. रिकाम्या ताटावरून जेवणाची चव सांगता येत नाही. पण माणसांनी किती फरक पडेल, हिशेब केलात?"

केला होता. आवाजाच्या दृष्टीने बसलेला एक माणूस म्हणजे जवळजवळ अर्ध्या चौरस मीटरची उघडी खिडकी, नेमकं सांगायचं तर ०.४ चौरस मीटरची. आवाज तिथे जातो तो परत येत नाही. दालनाची लांबी, रुंदी, उंची घालून तिचं गणित सहासष्ट माणसांवर येत होतं. सत्तर असली तर निर्धास्त.

"रविवारी दुपारी सत्तर माणसं बसवा," इंजिनियर म्हणाले. "मी पाच वेगवेगळ्या जागी फुगे फोडीन. सरासरी १.२ च्या आत आली तर माझं खोटं छत रद्द. पण एक लक्षात ठेवा. फुगा फुटला की तीन सेकंद संपूर्ण शांतता. कुणी खोकलं तरी यंत्र ते मोजतं."

हे व्यवस्थापकबाईंना सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सत्तर माणसं आणणार कुठून? रविवारी दुपारी फुगे फुटताना बघायला कोण येणार?"

"घरचे आहेत की."

बाईंनी चष्मा काढला. "तुमच्या घरचे? घर ताब्यात घेण्याच्या समारंभाला आले होते ते? अहो, त्या दिवशी नगराध्यक्षांनी भाषण अर्ध्यावर सोडून दिलं. म्हणाले, मंडळींचं चालू द्या, मी नंतर येतो."

बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. मोजपट्टीच्या घरात चूप बसणं हे आजाराचं लक्षण समजत. तिला लहानपणी घसा बसला होता तेव्हा डॉक्टरांना बोलवायच्या आधी शेजारणीला बोलावून "ही बोलत नाहीये" असं दाखवलं होतं.

माणसं जमवायचं काम काकांनी उचललं. काका म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांनी फोन हातात धरून बोलायला सुरुवात केली की फोनची गरज काय असा प्रश्न पडायचा.

"खिडक्या म्हणजे काय गं नेमकं?" त्यांनी विचारलं.

"बसलेला एक माणूस म्हणजे अर्धी खिडकी धरा, काका. आवाज पिणारी."

काकांनी आपल्या पोटावरून हात फिरवला. "मग मी एकटाच दोन खिडक्या आहे. माझे चार मोज."

रविवारी दुपारी सगळे आले. चुलत, मावस, सासरचे, माहेरचे, एक दाताचा डॉक्टर असलेला चुलतभाऊ आपल्या दोन पेशंटांसकट. आल्या आल्या बसायचं सोडून सगळे घरभर पसरले.

"अरे, इथे मी गोवरात पडून होतो! इथे तिकिटं विकतात?"

"तुझा गोवर परवडला. हे बघ, टबात तलवारी!"

"इथे माझी खुंटी होती. तिच्यावर माझं दप्तर असायचं. कुणी काढली?"

"काढली नाही रे, ही काय, घासलीय. आधी ती कधी दिसलीच नव्हती."

धाकटी काकू लोकरीचा जाडजूड ओव्हरकोट घालून आली होती. बाहेर रस्त्यावरचं डांबर उन्हाने मऊ झालं होतं. ती घामाने निथळत होती आणि चेहरा मात्र विजयी होता. "कोटाने आवाज जास्त मुरतो ना? मी वाचलंय."

"मुरतो. पण काढ तो."

"अगं, तुझाच फायदा आहे!"

"काकू, उद्या तिकीट काढून येणारी माणसं उन्हाळ्यात कोट घालून येणार नाहीत. आकडा खोटा आला तर छत वाचेल आणि ऐकू काहीच येणार नाही."

काकूने कोट काढला आणि शेजारणीला म्हणाली, "प्रामाणिकपणा तिच्या वडिलांकडून आलाय. तिथेही त्याचा काही उपयोग झाला नव्हता."

शेवटी लाकडी खुर्च्यांवर सगळे स्थानापन्न झाले. मोजपट्टीने डोकी मोजली. व्यवस्थापकबाई, ती स्वतः आणि इंजिनियर धरून सत्तर. इंजिनियरांनी मधोमध तिपाईवर यंत्र उभं केलं, डझनभर फुगे फुगवून कोपऱ्यात दोरीला बांधले आणि लांब काठीच्या टोकाला सुई लावली. मुलांनी त्यांचं बारसं तेवढ्यात उरकलं. ते फुगेवाले झाले.

"हाताची घडी, तोंडावर बोट!" काका गरजले.

फुगेवाल्यांनी सुई लावली. फट्!

"अगं बाई!" अर्धं सभागृह ओरडलं. उरलेलं अर्धं त्यांना हसलं.

दुसरा फुगा. ह्या वेळी कुणी ओरडलं नाही, पण फुटल्या फुटल्या तिसऱ्या रांगेतून हळूच आवाज आला, "झालं का?" आणि चौथ्या रांगेतून त्याला उत्तर गेलं, "बोलू नकोस ना."

तिसऱ्याला एक मूल खुदकन हसलं. त्याला गप्प करायला काकांनी "शूऽऽऽ" केलं. काकांचा शूऽऽऽ म्हणजे इंजिनाने सोडलेली वाफ. त्यांना गप्प करायला काकूने शूऽऽऽ केलं, काकूला तिच्या सुनेने, आणि बघता बघता सत्तर माणसांचं घर एकमेकांना शांत करण्यात दंग झालं. यंत्राचा काटा खाली यायलाच तयार नव्हता.

"ह्यांच्यात जो तो दुसऱ्याला गप्प करतोय," फुगेवाले मोजपट्टीच्या कानाशी म्हणाले. "स्वतः गप्प बसायचं कुणाच्याच लक्षात येत नाहीये."

चौथ्याला दाताच्या डॉक्टराचा फोन वाजला. पाचव्याला काका फुगा फुटायच्या आधीच दचकले आणि त्यांची खुर्ची मोडली. सहावा फुगा दोरीवरच आपला आपण फुटला. सातव्या वेळी खरोखर शांतता झाली होती, पण नेमक्या त्या क्षणी धाकट्या काकूला आपण किती छान गप्प बसलोय याचं कौतुक वाटलं आणि ती म्हणाली, "बघा, जमलं की नाही!"

फुगेवाल्यांनी काठी खाली ठेवली. कपाळ पुसलं. त्यांना राग आला नव्हता, ते दमले होते. "पाच फुगे राहिलेत," ते मोजपट्टीला म्हणाले. "मला पाच नोंदी लागतात. एकही वाया गेली तर मला जुनाच आकडा द्यावा लागेल. मंडळी छान आहेत हो तुमची. पण उद्या सकाळी माणसं येतील."

मोजपट्टीने मान हलवली. सभागृहात एव्हाना खुर्ची मोडण्याला जबाबदार कोण यावर चर्चा रंगली होती. ती वर बघत उभी राहिली. तिचा तापमापक तिथून दिसत होता. सदतीस अंश. दहाव्या वर्षी तिला वाटलं होतं की आपण काढलेली ही एकच गोष्ट ह्या घरात कायम बरोबर राहील.

शेवटच्या रांगेतून आत्या उठली.

आत्या म्हणजे काकांच्या पाठची बहीण. सगळी हयात शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. घरात हळू बोलणारी ती एकटी, त्यामुळे तिचं बोलणं सहसा कुणाच्या कानावर पडतच नसे. ती सावकाश पुढे आली, मोजपट्टीच्या हनुवटीला बोट लावून तिने तिचा चेहरा खाली वळवला आणि म्हणाली, "तुझ्या फुगेवाल्यांना सांग, सुई तयार ठेवा म्हणावं."

मग ती सगळ्यांकडे वळली. आवाज जराही न चढवता म्हणाली, "तो भूमापनवाला इथून का निघून गेला, ते सांगते."

खुर्चीचा वाद जिथल्या तिथे थांबला.

ह्या एका प्रश्नावर चाळीस वर्षं घरात तर्क लढवले गेले होते. आत्या तरुण असताना भूमापन खात्यातला एक देखणा, हुशार मुलगा तिला भेटला. दोघं तासन् तास नकाशांवर बोलायची. लग्न करणार हे सगळे धरूनच चालले होते. एका दुपारी तो पहिल्यांदा घरी आला, ह्याच दालनात बसला, गलक्यात दोघांचं बोलणं कुणाला ऐकू आलं नाही, आणि अर्ध्या तासाने तो टोपी उचलून गेला. आत्याच्या तोंडून पुन्हा त्याचं नाव निघालं नाही. विचारलं की आत्या म्हणायची, "जाऊ दे." काकांच्या मते त्याची दुसरीकडे बायको होती. काकूच्या मते त्याला घरातला गोंगाट सोसला नाही. मुलांमध्ये तर तो गुप्तहेर होता अशी पक्की समजूत होती.

"तो तिथे बसला होता," आत्याने दुसऱ्या खिडकीकडे बोट केलं. "निळा सदरा. चहाचा पहिला घोट घेतला. कप खाली ठेवला. आणि म्हणाला, मला तुझ्याशी एक महत्त्वाचं बोलायचंय."

ती थांबली. वर्गात तीस वर्षं चाळीस-चाळीस मुलांपुढे उभी राहिलेली बाई ती. कुठे थांबायचं हे तिला कळत होतं.

सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. एक सेकंद. दोन सेकंद. मोजपट्टीने आशेने फुगेवाल्यांकडे बघितलं. ते काठी धरून, मान पुढे काढून, आत्याकडे बघत होते. सुई फुग्यापासून वीतभर लांब हवेत तशीच. तिने हात हलवला. तिने पाय आपटल्यासारखं केलं.

"मग?" फुगेवाले म्हणाले.

"शूऽऽऽ!" सत्तरातले एकोणसत्तर त्यांच्यावर उलटले.

इंजिनियरांचे कान लाल झाले. त्यांनी घाईघाईने काठी सावरली आणि मोजपट्टीला खुणेनेच सांगितलं, आता नाही चुकणार.

"तर," आत्या म्हणाली, "मी म्हटलं, बोल. तो म्हणाला, इथे नको, सगळे बघतायत. मी म्हटलं, सगळे नेहमीच बघतात, तू बोल. त्याने खिशात हात घातला."

पुन्हा थांबली.

फट्!

कुणाचं लक्षच गेलं नाही. त्याच्या खिशात काय होतं याचीच सगळ्यांना चिंता. तीन सेकंद उलटले. यंत्रावरचा हिरवा दिवा लागला, म्हणजे नोंद स्वच्छ झाली. फुगेवाल्यांनी तळवा वर करून खूण केली आणि मांजराच्या पावलांनी दुसऱ्या जागी गेले.

"अंगठी होती," आत्या म्हणाली. कुणीतरी सुस्कारा सोडला. "त्याने ती माझ्या हातात ठेवली नाही. टेबलावर ठेवली. मी उचलणार, एवढ्यात त्याचं लक्ष वर गेलं."

फट्! हिरवा दिवा.

मोजपट्टी आता मोजत होती आणि ऐकतही होती, आणि आपल्याला दोन्ही एकदम करता येत नाहीये हे तिला आयुष्यात पहिल्यांदा जाणवत होतं. आत्याचा आवाज केवढासा, पण मागच्या रांगेतली माणसंही पुढे न झुकता ऐकत होती. शब्दावर शब्द चढत नव्हता.

"आपल्याकडे एक रीत आहे," आत्या सांगत होती. "चित्र कशाचं आहे, ते विचारायचं नाही. ज्याला जे दिसेल ते त्याने मनात ठेवायचं. पण हे त्याला कोण सांगणार? तो मोजणीखात्यातला. वर बघून एकेक चित्र ओळखायला लागला. जहाज, म्हणाला. मांजर, म्हणाला. बरोबर होतं सगळं. मलाही मजा वाटत होती. मग त्याचं बोट माझ्या चौकोनावर आलं."

फट्! हिरवा दिवा. तीन झाले.

"त्याने खूप वेळ बघितलं. डोकं तिरकं केलं. मी मनात म्हटलं, हा ओळखणार. नकाशावरची कानीकोपऱ्यातली टेकडी ओळखणारा माणूस हा. एवढं ओळखलं की अंगठी उचलायची. मी ठरवूनच टाकलं होतं."

फट्! हिरवा दिवा. चार.

काकांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. धाकट्या काकूने शेजारणीचा हात इतका घट्ट पकडला होता की तिची बोटं पांढरी पडली होती. शेवटचा फुगा दालनाच्या टोकाला, दाराशी होता. इंजिनियर तिथे जाऊन उभे राहिले.

"आणि तो म्हणाला," आत्याने शांतपणे सांगितलं, "किती गोड बेडूक आहे!"

तिने छताकडे बोट केलं. "घोडा आहे तो. कुंपणावरून उडी मारणारा. तपकिरी रंग ह्या माझ्या दादाने त्याच्या जहाजाला संपवला म्हणून हिरवा. पण घोडा आहे. आंधळ्यालाही दिसेल."

सत्तर माना एकदम वर झाल्या.

चौथ्या ओळीतला तो चौकोन सगळ्यांच्या ओळखीचा होता. हिरवंगार अंग, पोटाशी दुमडलेले मागचे पाय, डोक्याच्या वर आलेले दोन डोळे, खाली निळी पट्टी. ह्या छताखाली झोपून लहानाचं मोठं झालेल्या प्रत्येकाने रात्री डोळा लागेपर्यंत त्याच्याकडे बघितलं होतं. कुणी त्याच्यावर बडबडगीत केलं होतं. दाताच्या डॉक्टराने लहानपणी त्याचं नाव ठेवलं होतं. मोजपट्टीने छताची मोजदाद केली तेव्हा त्याला डोळे मिटून बेडकांत घातलं होतं.

कुणाच्या तोंडून अवाक्षर निघेना. एकमेकांकडे बघायचीही कुणाची हिंमत नव्हती, कारण बघितलं असतं तर संपलं असतं. आत्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून सावकाश नजर फिरवत होती, वर्गात उत्तर कुणाला येतंय ते बघावं तशी. काकांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. व्यवस्थापकबाईंनी रुमाल दातांत धरला होता.

फट्!

एक. दोन. तीन. चार. पाच.

हिरवा दिवा लागून विझला तरी कुणी हललं नाही.

"काय?" आत्या म्हणाली. "बोला की आता. झालं तिचं मोजून."

"अगं," काका कसेबसे म्हणाले, "घोडाच आहे तो."

"तू गप्प बस. तपकिरी रंग तुझ्याकडे होता."

"आत्या," दाताच्या डॉक्टराने हात वर केला, "मी लहान असताना त्याला डबूराव म्हणायचो."

आत्याच्या ओठांचे कोपरे हलले. तिने पुन्हा एकदा छताकडे बघितलं, ह्या वेळी डोकं तिरकं करून, बराच वेळ. मग ती खुर्चीत बसली, पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे गदगदायला लागले. ती रडतेय की हसतेय हे पहिल्या रांगेला कळायला क्षणभर लागला.

"अरे देवा," ती म्हणाली. "बेडूकच आहे रे तो!"

त्यानंतर सभागृहात जो हशा उठला त्याने खिडक्यांची तावदानं थरथरली. काका उभे राहून ओरडत होते, "म्हणजे आमच्या बहिणीचं घोडं इथे अडलं होतं!" काकू म्हणत होती की मी पहिल्यापासून सांगत होते, त्या मुलाची नजर चांगली होती. मुलं खुर्च्यांवरून बेडूकउड्या मारत होती. कुणीतरी विचारलं, "आत्या, पत्ता आहे का त्याचा?" आणि आत्या डोळे पुसत म्हणाली, "आहे. नातवंडं आहेत त्याला. दर वर्षी एक नकाशा पाठवतो. ह्या वर्षी मी उत्तर पाठवीन म्हणते."

मोजपट्टी गर्दीतून वाट काढत तिपाईपाशी पोचली. तिने आत्याकडे बघितलं, आत्याने तिच्याकडे. एवढ्या गोंगाटात बोलणं शक्यच नव्हतं. आत्याने नुसती भुवई उडवली: बघ आधी.

फुगेवाले गुडघ्यांवर बसून पडद्यावरचे आकडे उतरवत होते. हसण्याच्या भरात आकडे वेडेवाकडे पडत होते, म्हणून त्यांनी पेन्सिल तिच्या हातात दिली आणि एकेक आकडा मोठ्याने सांगितला. तिने पाचही आकडे एकाखाली एक लिहिले, बेरीज केली, पाचाने भागलं, आणि पुन्हा एकदा करून पाहिलं.

१.१९, १.१६, १.१८, १.१५, १.१७. सरासरी १.१७ सेकंद.